खालची आळी

आंतरवाडीच्या ग्रामपंचायतीत पोचायला रत्नमाला खिल्लारेला तीन वाहनं करावी लागत. सकाळी साडेसहाची पैठणची एसटी, बिडकीनच्या पुढच्या फाट्यावरून खच्चून भरलेली काळीपिवळी, आणि शेवटी कचरूची होडी. नाथसागराच्या पाण्यातून होडीला अर्धा तास लागे, वारा असला तर पाऊण. तेवढा वेळ ती दप्तराची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसे. तिला पोहता येत नव्हतं. पण आठवड्यातून तीनदा ती या पाण्यावरून जायची, आणि तीन महिन्यांत एकदाही तिनं रजा टाकली नव्हती.

गाव म्हणजे पाण्यात राहिलेली एक टेकडी. धरण झालं तेव्हा बाकीचे लोक मिळेल तिथं जमीन घेऊन पांगले. मेंढ्यावाली काही घरं मात्र मेंढरं घेऊन टेकडीवर चढली, पाणी थांबेल तिथं थांबली आणि तिथंच राहिली. बिरोबाचं देऊळ, चौथीपर्यंतची शाळा, एक खोलीचं पंचायत कार्यालय, छपरावर सोलरची पाटी. संगणक होता, पण त्याला रेंज मिळायची नाही. सरकारनं ग्रामसेवकांचं पद बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, ते इथं कुणाला ठाऊक नव्हतं. रत्नमालाला सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे.

तिचे वडील शहरात कोर्टात बेलिफ होते. पंचनामे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. "डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं," असं ते सांगत. "ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही." रत्नमालानं नोकरीला लागल्यापासून तेवढा एक नियम पाळला होता.

जानेवारीत नळजोडणीसाठी घरोघर पाहणी करायची होती. गावात तीन वॉर्ड होते. पहिल्या दोन वॉर्डांची चौपन्न घरं तिनं दोन दिवसांत पायी उरकली. तिसऱ्या दिवशी तिनं कचरूला तिसरा वॉर्ड दाखवायला सांगितलं. कचरू पंचायतीचा शिपाई, होडी तोच चालवायचा आणि दवंडीही तोच द्यायचा. पन्नाशीचा, हडकुळा, कामापुरतं बोलणारा माणूस.

"खालची आळी व्हय?" तो म्हणाला. "चला."

देवळामागून तो उतरू लागला. दगडी फरसबंदीची जुनी वाट होती, बैलगाडी जाईल एवढी रुंद. ती सरळ खाली गेली आणि तशीच पाण्यात शिरली. पाण्याखाली चार-पाच फरश्या दिसत होत्या, हिरव्यागार, पुढं नुसता गढूळ अंधार. कचरू काठावर थांबला.

"इथून खाली," तो म्हणाला.

रत्नमाला हसली नाही. तिला उलगडा झाला होता. जुनं गाव बुडालं, माणसं गेली, नावं मात्र यादीत राहिली. सरकारी कागदावर असं होतंच. त्या दिवशी दुपारी तिनं मतदारयादी काढून तिसऱ्या वॉर्डाची नावं मोजली. अडतीस घरं, एकशे एकवीस मतदार. सगळ्यांची नावं कमी करण्याचा प्रस्ताव लिहायचा म्हणून ती एकेक नाव उतरवू लागली.

शेवटाला आल्यावर तिचा हात थांबला. शेवटच्या पानावर तीन नावं गेल्या वर्षी नव्यानं चढली होती. वय अठरा, अठरा, एकोणीस.

"कचरूभाऊ, ही नावं कुणी दिली?"

त्यानं यादीकडं पाहिलंही नाही. "वयात आली की द्यावीच लागतात ना, बाई."

तिला वाटलं, कामासाठी वाळूजला, बिडकीनला गेलेल्या पोरांनी गावचं नाव ठेवलं असेल, कुणी आजा-पणजाच्या घरावर नाव लावलं असेल. यालाही उत्तर असणार. तिनं प्रस्तावाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. पुढं तो तिथंच राहिला.

मार्चमध्ये संस्कृती अर्ज घेऊन आली.

संस्कृती तेवीस वर्षांची. आदल्या आषाढात तिच्या नवऱ्याला, अजिनाथला, गोठ्यात पान लागलं, साप डसला. वारं असं सुटलं होतं की होडी पाच तास काठ सोडेना. लाटेनं दोनदा मागं आणून आपटली. समोरच्या काठावर रुग्णवाहिका उभी असलेली दिसत होती, तिचा लाल दिवा दिसत होता. संध्याकाळी वारं पडलं तेव्हा अजिनाथ गेलेला होता. संस्कृतीच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती आणि हातात फुलस्केप कागद. वळणदार अक्षरात तिनं लिहिलं होतं, की आमच्या गावाला पाण्याबाहेर जागा द्यावी.

रत्नमालानं अर्ज दोनदा वाचला. "तुझ्या एकटीच्या अर्जानं होणार नाही गं. ग्रामसभेचा ठराव लागेल. आणि अख्खं गाव हलवायचं तर निम्म्याहून जास्त मतदार हजर पाहिजेत. यादीत दोनशे बारा आहेत. म्हणजे एकशे सात."

"वरचे किती?"

"एक्याण्णव. सगळे आले तरी भागत नाही. आधी खालची नावं कमी करावी लागतील. त्यात वर्ष जाईल."

संस्कृतीनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पुढचा आषाढ वर्षाच्या आत येतोय, बाई," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "खालच्यांना सांगावा धाडू. ते आले तर होतंय."

दुःखानं माणूस काहीही बोलतं, असं रत्नमालाच्या मनात आलं. पण संस्कृतीचे डोळे कोरडे होते, आणि ती वेड्यासारखी दिसत नव्हती. ती घाईत असल्यासारखी दिसत होती.

सरपंच पुतळाबाई साठीच्या होत्या. त्यांना गाव सोडायचं नव्हतं. "मेंढरं कुठं नेऊ?" एवढंच त्या म्हणाल्या. पण एक मेची ग्रामसभा बोलवायला त्यांनी ना म्हटलं नाही. नोटिशीवर सही करताना त्यांच्या तोंडावर हलकंसं समाधान होतं. रत्नमालाला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

सभेच्या आधी चार दिवस कचरूनं दवंडी दिली. रत्नमाला कार्यालयात जेवत होती. हलगीचा आवाज आधी वरच्या वस्तीतून फिरला, मग देवळामागं गेला आणि तिथंच घुमत राहिला. बराच वेळ. डबा झाकून ती बाहेर आली. कचरू फरसबंदीच्या वाटेवर, घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. तोंड पाण्याकडं. हलगी वाजवत तो मोठ्यानं सांगत होता, "एक मे, सकाळी नऊ वाजता, बिरोबाच्या लिंबाखाली, सगळ्यांनी यायचं हो." तीनदा सांगून तो गप झाला आणि मान कलती करून उभा राहिला, पलीकडच्या खोलीतून कुणी ओ देतंय का ते ऐकावं तसा.

मग मान हलवून तो माघारी फिरला. रत्नमालाला पाहून म्हणाला, "पोचली."

एक मे उजाडला तो बिनवाऱ्याचा. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या. लिंबाखाली तीन सतरंज्या अंथरल्या होत्या. दोन देवळाच्या बाजूला, तिसरी उताराच्या तोंडाशी, पाण्याकडं. पहिल्या दोन सतरंज्या भरल्या. दाटीवाटीनं मांडीला मांडी लावून बसली माणसं, काही बायका तर कडेच्या दगडांवर टेकल्या. तिसरीवर कुणी पाय ठेवला नाही. एक लेकरू रांगत तिकडं निघालं, तर त्याच्या आजीनं पटकन पाय धरून त्याला मागं ओढलं.

"तिथं जागा आहे की," रत्नमाला म्हणाली.

"असू द्या," पुतळाबाई म्हणाल्या.

कचरूनं हजेरीची वही आणि शाईचं पॅड घेतलं. पहिल्या दोन सतरंज्यांवरून वही फिरली. मग तो तिसरीकडं गेला आणि सगळ्यांकडं पाठ करून उकिडवा बसला. रत्नमालाला त्याचे हात दिसत नव्हते, नुसती पाठ दिसत होती. तो मधूनच थोडा सरके, बसल्या बसल्या, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. लिंबाची फुलं टपटप पडत होती. असा अर्धा तास गेला.

त्यानं वही आणून तिच्यापुढं ठेवली. वरच्यांची त्र्याऐंशी नावं तिनं स्वतः मोजली होती. पुढची तीन पानं भरलेली होती. काही सह्या, बाकी अंगठे. शाई पसरली होती. कागद फुगून मऊ पडला होता, आणि त्याला गाळाचा वास येत होता, विहीर उपसताना येतो तसा.

"चौसष्ट," कचरू म्हणाला. "बाकीचे नाय आले. म्हातारी माणसं हायेत."

रत्नमालानं वही मिटली. आवाज शक्य तेवढा शांत ठेवून ती पुतळाबाईंना म्हणाली, "सरपंचबाई, हे मला चालायचं नाही. कचरूनं अंगठे उठवले असले तर तो गुन्हा आहे. मी जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही."

"तुमच्या आधी नऊ जण येऊन गेले, बाई," पुतळाबाई म्हणाल्या. "एकानं सुद्धा विचारलं नाय."

"का नाही?"

"विचारलं की मोजावं लागतंय."

मागून संस्कृती उठली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. "बाई, ठराव मांडा," ती म्हणाली. "मग काय लिहायचं ते लिहा. तुमच्या पाया पडते, आधी मांडा."

रत्नमालानं ठराव वाचला. गाव पाण्याबाहेर हलवावं, यादीतल्या प्रत्येक घराला घर द्यावं. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. पहिल्या दोन सतरंज्यांवरून एकोणऐंशी हात वर झाले. चार झाले नाहीत. तीन म्हातारे आणि पुतळाबाई.

पुतळाबाई उठून उभ्या राहिल्या. लुगड्याचा पदर त्यांनी डोक्यावरून घेतला, थोरामोठ्यांपुढं घ्यावा तसा, आणि त्या तिसऱ्या सतरंजीकडं वळल्या.

"खालच्यांचं काय म्हणणं हाय?"

पाण्यावरचे पक्षी एकदम उठले. कसलाही आवाज झाला नव्हता.

रत्नमालानं सतरंजीकडं पाहिलं. लाल-निळ्या पट्ट्यांची, धुवून विटलेली, कोरडी सतरंजी. सकाळी तिनंच ती झटकून दिली होती.

ती कोरडी नव्हती.

पुढच्या कडेला एक डाग होता. ओला, गोल, मांडी घालून बसलेल्या माणसाखाली पडेल एवढा. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. ओळीनं.

तिनं मोजायचं नाही असं ठरवलं, आणि ती मोजू लागली.

काही लहान होते. काही एकमेकांना चिकटून होते. एका मोठ्या डागाला लागून अगदी छोटा होता, मांडीवरून खाली उतरलेल्या लेकरासारखा. तो तिनं सोडून दिला. बाकीचे चौसष्ट.

"झाले का हात वर?" पुतळाबाईंनी विचारलं.

कचरूनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर नेली. सावकाश.

"सगळ्यांचे," तो म्हणाला.

पुतळाबाई मटकन खाली बसल्या. "मला वाटलं ते नाय म्हणतील," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्षं तिथंच हायेत. मला वाटलं, ते तरी सोडायचे नायत."

रत्नमालानं पेन उघडलं. संस्कृती तिच्याकडं टक लावून पाहत होती. तिला वडिलांचा नियम आठवला. डोळ्यांनी दिसलं तेवढंच. तिनं खाली मान घालून लिहिलं: हजर एकशे सत्तेचाळीस. ठरावाच्या बाजूनं एकशे त्रेचाळीस. ठराव मंजूर.

संस्कृतीच्या खांद्यावरची मुलगी जागी झाली आणि उताराकडं पाहून हसली. संस्कृतीनं तिचं तोंड अलगद आपल्या मानेत दाबून धरलं.

काम भराभर झालं. असं होत नाही, पण झालं. बिडकीनपासून दहा-बारा किलोमीटरवर माळरानाची जागा मिळाली. त्या पावसाळ्यात वारं दोनदा सुटलं, पण कुणाला काही झालं नाही. दिवाळीनंतर पत्र्याची ब्याण्णव घरं उभी राहिली, चार ओळींत. वरच्या तीन ओळींत चौपन्न, आणि शेवटची, उताराला लागलेली, अडतीस घरांची. यादीत नावं होती, यादीप्रमाणं घरं आली. रत्नमालाला कुणी काही विचारलं नाही. तिनंही कुणाला काही सांगितलं नाही. आधीच्या नऊ ग्रामसेवकांचं आता तिला नवल वाटेनासं झालं होतं.

फेब्रुवारीत गाव हललं. भांडीकुंडी, मेंढरं, कोंबड्या, बिरोबाचा टाक. पुतळाबाईंनी सगळ्यात वरचं, पहिल्या ओळीतलं पहिलं घर मागून घेतलं आणि दार उताराच्या उलट्या बाजूला पाडून घेतलं. चार दिवस होड्या चालल्या. शेवटच्या दिवशी सकाळीच वरची सगळी माणसं काठाला आली, ट्रॅक्टर भरून निघून गेले. रत्नमाला कागद तपासत काठावर थांबली होती. कचरू तिच्याजवळ आला.

"खालच्या ओळीच्या किल्ल्या द्या," तो म्हणाला. "खेपा राहिल्यात."

अडतीस किल्ल्यांचा जुडगा तिनं त्याच्या हातात ठेवला. तो एकटाच होडी घेऊन गेला.

तासाभरानं होडी परत येताना दिसली. ऊन लख्ख होतं, पाणी आरशासारखं. होडीत कचरू उभा होता, दुसरं कुणी नव्हतं. आणि होडी इतकी खाली बसली होती की तिच्या कडेत आणि पाण्यात बोटभर अंतर राहिलं होतं. इंजिन धापा टाकत होतं.

ती काठाला लागली. कचरूनं दोर बांधला आणि तो बाजूला उभा राहिला.

होडी हळूहळू वर येऊ लागली. एकदम नाही. थोडी, मग थांबून आणखी थोडी. मधेच एकदा कचरूनं हात पुढं केला, म्हाताऱ्या माणसाला उतरायला द्यावा तसा, आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

त्या दिवशी त्यानं सहा खेपा केल्या. सहावीला सूर्य अजून कासराभर वर होता. रत्नमाला तोवर काठापासून दूर, रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. तिथून तिला माळाकडं जाणारी पायवाट दिसत होती. पायवाटेवर कुणी नव्हतं. फक्त दोन्ही बाजूंचं वाळलं गवत, वारा नसताना, एकामागं एक वाकत गेलं.

नव्या गावात तिचं काम सोपं झालं. एसटी थेट यायची. संगणकाला रेंज होती. संस्कृतीची मुलगी अंगणवाडीत जाऊ लागली. संस्कृती स्वतः आरोग्य उपकेंद्रात कामाला लागली, वीस मिनिटांवर. तिच्या तोंडावर तकतकी आली होती.

"तुला भीती नाही वाटत?" एकदा रत्नमालानं शेवटच्या ओळीकडं न पाहता विचारलं.

"त्यांनीच सोडवलं मला," संस्कृती म्हणाली. "मी कशाला भिऊ?"

त्या ओळीतल्या घरांना बाहेरून कुलपं नव्हती. दारं लोटलेली असायची. रत्नमाला तिकडं कधी गेली नाही. पाहणीच्या कागदावर ती त्या अडतीस घरांपुढं 'बंद' असं लिहायची, आणि लिहिताना आपण हे पाहिलेलं नाही, हे तिला ठाऊक असायचं.

एप्रिलच्या शेवटी माळावरचे बोअर आटले आणि टँकर सुरू झाले. टँकरवर सुदर्शन नावाचा नवा ड्रायव्हर आला होता, लासूर स्टेशनचा. बोलका, हसतमुख माणूस. गावाची त्याला काही माहिती नव्हती. दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमाराला तो खेपेच्या कागदावर सही घ्यायला कार्यालयात आला. शर्टाच्या बाहीनं घाम पुसत त्यानं कागद टेबलावर ठेवला.

"सगळ्यांना मिळालं?" रत्नमालानं सही करता करता विचारलं.

"वरच्या तिन्ही ओळींत झुंबड होती, बाई. भांडणं व्हायची वेळ आली. खालच्या ओळीत मात्र कुणी हंडा पुढं करंना. म्हणले, आमचं आम्ही बरुबर आणलंय." तो हसला. "भली माणसं हायेत. या उन्हात मलाच तांब्याभर दिलं. लई गार होतं."